आधी पाच माणसे बसवा

ॲसिडच्या हल्ल्यात चेहरा आणि डोळे होरपळलेल्या स्त्रीला बँकेत खाते उघडावयाचे, तर तिने कॅमेऱ्यापुढे पापण्यांची उघडझाप करून आपण जिवंत असल्याचे सिद्ध करावे, असा प्रसंग आपल्या देशात घडला. गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्या. पारडीवाला व न्या. महादेवन यांच्या खंडपीठाने निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग होय, हे त्यातील सूत्र गाजले, आणि ते गाजणे योग्यच होते. परंतु आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो त्यातला एक कारकुनी थाटाचा आदेश: बँका व तत्सम संस्थांनी ॲप वा संकेतस्थळ घडविताना त्याच्या चाचणीत अंध व्यक्तींना सामील करून घ्यावे.

शिंपीसुद्धा कोट कच्चा शिवून आधी अंगावर चढवून पाहतो. सरकारी संकेतस्थळे मात्र बहुधा उद्घाटनाच्या दिवशीच सामान्य माणसाच्या दृष्टीस पडतात! त्याचे फळ २०२१ च्या मे महिन्यात आपण भोगले. १८ ते ४४ वयाच्या नागरिकांस लस हवी, तर ‘कोविन’वर आधी नोंदणी करणे सक्तीचे झाले. संकेतस्थळ इंग्रजीत, ओटीपी येऊन तो भरेपर्यंत जागा संपलेल्या, अंधांना कॅप्चा वाचता येईना. ज्याची बोटे चपळ आणि इंटरनेट वेगवान त्याला लस, असा विलक्षण न्याय सुरू झाला. शहरांतील मंडळी मोटारी काढून खेड्यांतील केंद्रांवर पोहोचली आणि गावकरी दारात ताटकळले. (त्या मोटारींत आमचे काही वाचकही असतील, जीव वाचविण्याच्या धडपडीस आम्ही दोष देत नाही.) ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे कान टोचले. जूनमध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषा त्या पडद्यावर अवतरल्या. महिन्याभरात जे जमले, ते आधी का जमू नये?

खर्चाची सबब येथे टिकत नाही. वापरसुलभतेचे संशोधक याकोब नीलसन व थॉमस लँडाउअर यांनी १९९३ साली मांडलेल्या हिशेबावरून नीलसन यांनी पुढे दाखविले, की अवघ्या पाच जणांच्या चाचणीत सरासरी ८५ टक्के दोष उघडे पडतात. रीतही सोपी. माणसापुढे काम ठेवावे, शिकवू नये, सुचवू नये, आणि त्याचे बोट कोठे अडखळते ते मुकाट्याने पाहावे. सर्वांत अवघड ते हे मुकाट्याने पाहणेच. आपण रचलेला अर्ज दुसऱ्याला कळत नाही, हे पाहवत नाही! मात्र पाचही जण एकाच साच्याचे असता कामा नयेत. वातानुकूलित कचेरीतील पाच अभियंते म्हणजे महाराष्ट्राची जनता नव्हे.

महापालिका व राज्य शासन यांच्याकडे आमची मागणी लहान आहे. नव्या संकेतस्थळाच्या ठेकेदाराचे अखेरचे बिल चुकते करण्यापूर्वी एक पेन्शनर, एक घरकाम करणारी बाई, एक रिक्षावाला, एक अंध विद्यार्थी आणि मोबाइल नुकताच हाती घेतलेला एक शेतकरी यांना कोणाच्याही मदतीविना त्यावर अर्ज भरावयास बसवावे, आणि ते जेथे जेथे अडले त्याची यादी त्या बिलास जोडावी.