पलाशिकेची हलशी कशी झाली?

गेल्या हिवाळ्यात मराठी व कन्नड विभागांचे आम्ही पंधराजण खानापूर तालुक्यात पायी सहलीस गेलो. नंदगडला उतरून संगोळ्ळी रायण्णांच्या समाधीचे दर्शन घेतले. १८३१ साली इंग्रजांनी त्यांना येथेच फाशी दिले. मग आम्ही हलशीची वाट धरली.

"पाय हलेनासे झाले, आणि गावाचे नाव मात्र हलशी!" असे एकजण म्हणाला आणि हशा पिकला. पण पुढे त्याच नावावरून वाद पेटला. "हे पळसाचे गाव, तेव्हा नाव मराठी," असे एकाचे म्हणणे. "हलसु म्हणजे फणस, तेव्हा नाव कन्नडच," असे दुसऱ्याचे. सीमाभागात असा वाद नावापुरताच राहत नाही, हे वाचकांस सांगायला नकोच. रोज एका बाकावर बसणारे ते दोघे मित्र अंतर ठेवून चालू लागले.

हलशीत भूवराह-नरसिंहाच्या देवळाशी टेकलो, तेव्हा कन्नडच्या सरांनी उलगडा केला. पाचव्या-सहाव्या शतकांतील कदंब राजांच्या संस्कृत ताम्रपटांत या गावाचे नाव 'पलाशिका' आहे. पुढच्या लेखांत 'पलसिगे' व 'हलसिगे' अशी रूपे येतात. जुन्या कन्नडमधील शब्दारंभीच्या 'प'चा साधारण दहाव्या शतकापासून 'ह' होत गेला. 'पाल्'चे 'हालु' (दूध), 'पुलि'चे 'हुलि' (वाघ), 'पळ्ळि'चे 'हळ्ळि' (खेडे) झाले. तमिळमध्ये तो 'प' अजून टिकून आहे. आपल्या बेळगावजवळच्या नंदिहळ्ळीतली 'हळ्ळी' याच वाटेने आली. 'हलसिगे'तला 'गे' गळाला आणि मराठी तोंडी 'हलशी' राहिले. शेजारच्या हलशीवाडीत तर कन्नड वळणाने घडलेल्या नावालाच मराठी 'वाडी' जोडलेली आहे!

"म्हणजे सर, जिंकले कोण?" एकीने विचारले.

"अगं, नाव दोघांच्याही तोंडून गेले, म्हणून तर ते आजवर टिकले," सर म्हणाले.

बाराव्या शतकातील, गोव्याच्या कदंबांच्या काळातील या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. ते पाहून आम्ही परतलो, तेव्हा ते दोघे मित्र एकाच डब्यातली भाकरी खात होते.

तेव्हा मित्रहो, गावाचे नाव कानाला कसे लागते एवढ्यावरून निकाल देऊ नये. जुन्या लेखांत ते कसे होते, हे आधी पाहावे. भांडायचेच असेल तर त्यानंतर भांडावे.