पाय पुरेना, गाडी आवरेना!
उंच मोटारसायकलवर चढण्या-उतरण्यामागचे विज्ञान

डोंगराळ, खडबडीत रस्त्यांसाठी बनविलेल्या उंच मोटारसायकली तुम्ही पाहिल्या असतील. बसक्या गाडीशेजारी त्या उभ्या केल्या की तट्टाशेजारी अरबी घोडा उभा असल्यासारखे वाटते. अशा गाडीवर मध्यम उंचीचा माणूस बसला की त्याचे पाय अधांतरी राहतात, किंवा जेमतेम चवडे टेकतात. गाडी धावत असताना काहीच अडचण नसते. अडचण येते ती चढताना, उतरताना आणि सिग्नलला थांबताना. अनेक हौशी चालकांच्या गाड्या पडतात त्या वेगात नव्हे, तर जागच्या जागी! आणि मग "तुमची उंची कमी, ही गाडी तुमच्यासाठी नव्हे" असे ऐकून घ्यावे लागते. हे म्हणणे कितपत खरे आहे? शाळेत शिकलेल्या विज्ञानाच्या आधारे आपण ते तपासून पाहू.

गाडी उंच का करतात?

वाटेतले दगड इंजिनाच्या तळाला लागू नयेत म्हणून गाडीचे पोट जमिनीपासून बरेच वर ठेवावे लागते. शिवाय मोठे खड्डे पचविण्यासाठी चाकांना वरखाली होण्यास भरपूर वाव लागतो. २०१६ साली बाजारात आलेल्या 'हिमालयन' या गाडीत पोटाखाली २२० मि.मी. मोकळी जागा आणि सीटची उंची ८०० मि.मी. होती. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या आणि २०२० साली आलेल्या 'केटीएम ३९० अॅडव्हेंचर'ची सीट ८५५ मि.मी. उंचीवर होती.

आता माणसाकडे वळू. पायाची आतील बाजूने मोजलेली लांबी साधारणपणे उंचीच्या ४५ ते ४७ टक्के असते. म्हणजे १६५ से.मी. उंचीच्या माणसाचा पाय सुमारे ७५ से.मी. भरेल. जाड तळाच्या बुटाचे ३ से.मी. धरले तर ७८ से.मी. आपल्या देशातील स्त्रियांची सरासरी उंची सुमारे १५२ से.मी. आहे. त्यांचा पाय ७० से.मी.च्या आसपास येईल. ८५ से.मी.च्या सीटपुढे हे गणित तोकडे पडणारच.

पायथागोरस मदतीला येतो

परंतु सीटची उंची हेच सर्वस्व नव्हे. रुंद सीटवर बसले की पाय फाकतात आणि जमिनीवर तिरपे येतात. तिरपा पाय म्हणजे काटकोन त्रिकोणाचा कर्ण. समजा, ७८ से.मी. लांबीचा पाय ३० से.मी. बाहेरच्या बाजूस टेकतो. तर त्याची सरळ उंचीतील पोच किती?

७८ चा वर्ग वजा ३० चा वर्ग, म्हणजे ६०८४ − ९०० = ५१८४. याचे वर्गमूळ ७२. म्हणजे ६ से.मी. वायाच गेले!

तीच सीट पुढच्या बाजूस निमुळती केली आणि पाय २० से.मी. अंतरावर टेकू लागला, तर पोच सुमारे ७५.४ से.मी. होते. सीटचा फोम एवढासाही न कापता तीन से.मी.हून अधिक फायदा झाला. म्हणूनच कुशल कारागीर सीटची जाडी कमी करण्याआधी तिच्या कडा तासतो. थांबताना चालकाने सीटवर पुढे सरकावे असे सांगतात, त्याचेही कारण हेच. तिथे सीट अरुंद असते.

कललेली गाडी किती जड?

आता मुख्य प्रश्न. उभी गाडी एका बोटानेही तोलता येते, पण ती जरा जास्त कलली की दोन्ही हातांनी आवरत नाही. असे का?

समजा, गाडीचे वजन १८० कि.ग्रॅ. असून तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० से.मी. उंचीवर आहे, आणि आपण १ मीटर उंचीवरील हँडलला धरून, गाडीशी काटकोनात ओढून तिला आवरत आहोत. आघूर्णाच्या नियमानुसार लागणारे बल १८० × ०.६ × साइन (कलण्याचा कोन) इतके येते. वेगवेगळ्या कोनांसाठी ते असे:

५ अंश : सुमारे ९ कि.ग्रॅ. भार
१० अंश : सुमारे १९ कि.ग्रॅ. भार
२० अंश : सुमारे ३७ कि.ग्रॅ. भार
३० अंश : ५४ कि.ग्रॅ. भार

पाच अंशांवर गाडी म्हणजे पाण्याने भरलेली लहान बादली. तीस अंशांवर ती सिमेंटच्या पोत्याहून जड! ज्याचा पाय आखूड पडतो त्याचे दुखणे इथेच आहे. आधी गाडी कलते आणि मग पाय टेकतो. तोवर भार हाताबाहेर गेलेला असतो.

यावरचा उपाय सोपा आहे. दोन्ही पाय टेकवण्याचा हट्ट सोडावा. थांबण्यापूर्वीच कंबर सीटच्या डाव्या कडेला सरकवावी आणि डावा पाय भक्कम टेकवावा. गाडी जवळजवळ सरळ राहते, चालकाचे शरीर मात्र खाली येते. उजवा पाय मागच्या ब्रेकवर मोकळा राहतो. रस्ता एका बाजूस उतरता असेल, तर उंचवट्याकडील पाय टेकवणे शहाणपणाचे.

फूटरेस्ट नव्हे, पायरी!

घोडेस्वार जमिनीवरून एकदम खोगिरावर उडी मारत नाही; तो रिकिबीत पाय ठेवतो. उंच गाडीवरही हीच युक्ती चालते. साइड स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीचा पहिला गिअर टाकावा, म्हणजे ती पुढे सरकून स्टँड मिटणार नाही. पुढचा ब्रेक दाबून धरावा, डावा पाय डाव्या फूटरेस्टवर ठेवून उभे राहावे आणि उजवा पाय गुडघ्यात दुमडून पलीकडे न्यावा. फूटरेस्ट जमिनीपासून ३५ से.मी.वर असेल, तर ८५ से.मी.ची सीट आता फक्त ५० से.मी. उंच उरली! उतरताना हाच क्रम उलटा. मात्र आधी स्टँड पूर्ण उघडला आहे, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

असे करताना गाडी डावीकडे उलटणार नाही का? हिशेब करू. स्टँडवर कललेल्या गाडीचा भार चाकांच्या रेषेपासून १० से.मी. डावीकडे पडतो असे माना. ६० कि.ग्रॅ.चा चालक ३० से.मी.वर उभा आहे. दोघांचा मिळून भार पडतो तो

(१८० × १० + ६० × ३०) ÷ २४० = १५ से.मी.वर.

स्टँडचे टोक २५ से.मी.वर असेल, तर हा बिंदू दोन चाके आणि स्टँड यांनी बनलेल्या त्रिकोणाच्या आतच राहतो. गाडी उलटणार नाही.

पण थांबा! स्टँडवरचा भार पाहा. आधी तो १८० × १० ÷ २५ = ७२ कि.ग्रॅ. होता; आता २४० × १५ ÷ २५ = १४४ कि.ग्रॅ. झाला. अगदी दुप्पट! म्हणून स्टँड आणि त्याचा बोल्ट मजबूत असेल तरच ही पद्धत वापरावी, गाडीच्या माहितीपुस्तकात मनाई असल्यास वापरू नये, आणि अंग गाडीच्या मध्याकडे झुकलेले ठेवावे. स्टँडचे टोक १० चौ. से.मी.चे असेल, तर मातीवर दर चौ. से.मी.ला १४.४ कि.ग्रॅ. दाब येतो आणि टोक रुतते. त्याखाली १०० चौ. से.मी.ची सपाट पट्टी ठेवली, तर दाब दहापट कमी होतो. उंटाचे पसरट पाऊल वाळूत रुतत नाही, ते याचमुळे.

एक बदल, अनेक परिणाम

मागच्या शॉक-अॅब्सॉर्बरची जोडपट्टी बदलून गाडीच बुटकी का करू नये? करता येते. पण पोट खाली आल्याने दगड लागू लागतात. शिवाय साइड स्टँडची लांबी तीच राहिल्याने गाडी स्टँडवर फारच सरळ उभी राहते आणि जरासा धक्का बसताच उजवीकडे पडते. म्हणजे मग स्टँडही आखूड करावा लागतो. यंत्रातला एक भाग बदलला की दुसऱ्यालाही त्याची झळ लागते.

यावर अभियंत्यांनी अलीकडे उंटाचाच कित्ता गिरवला आहे. २०२१ साली आलेल्या हार्ले-डेव्हिडसनच्या 'पॅन अमेरिका'च्या एका प्रकारात गाडी थांबू लागली की ती आपोआप खाली बसते आणि निघाल्यावर पुन्हा उठते. २०२३ च्या 'बीएमडब्ल्यू आर १३०० जीएस'साठीही अशी सोय मिळू लागली; तिची सीट धावताना ८५० आणि थांबताना ८२० मि.मी.वर असते. तीन से.मी. म्हणजे फार नव्हे, पण चवडा आणि टाच यांतले अंतर तरी याहून कितीसे असते?

करून पाहा

परवाना मिळण्याच्या वयाआधी मोटारसायकल चालवायची नाही. पण सायकल आहेच. सायकलच्या हँडलला ताणकाटा बांधा. सीटच्या दांड्याला कोनमापक व ओळंबा लावून ५, १०, २० आणि ३० अंशांना सायकल आवरण्यास लागणारे बल मोजा. सायकलच्या दांड्याशी काटकोनातच ओढा. मग वाळूची पिशवी एकदा कॅरिअरवर आणि एकदा पेडलजवळ खाली बांधून तोच प्रयोग पुन्हा करा. आलेख काढा आणि सांगा : लांबच्या प्रवासात जड सामान कोठे बांधावे?

उत्तर मिळाले, की "ही गाडी तुमच्यासाठी नव्हे" असे कुणी म्हटल्यास काय सांगायचे, तेही तुम्हाला सुचेल.