दलाली दिसते, ‘स्प्रेड’ दिसत नाही

हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा मुळशी तालुक्यातील माण गावापर्यंत पोचला आहे. येथून कामानिमित्त ब्रिटनला जाणाऱ्या अभियंत्यांना तेथे ‘स्प्रेड बेटिंग’च्या जाहिराती दिसतात. दलाली नाही, मुद्रांक शुल्क नाही, नफ्यावर भांडवली कर नाही! ब्रिटनपुरते हे बहुतांशी खरेही आहे. मात्र खर्चच नाही, असा त्याचा अर्थ नव्हे.

या प्रकारात ग्राहक प्रत्यक्ष काहीच विकत घेत नाही. भाव चढेल की उतरेल, यावर तो कंपनीशी पैज लावतो. लंडनच्या ‘आयजी इंडेक्स’ने १९७४ मध्ये सोन्याच्या भावावर ही सुरुवात केली. कंपनी खरेदीचा भाव किंचित जास्त आणि विक्रीचा किंचित कमी सांगते. हा फरक, म्हणजेच ‘स्प्रेड’, तिची कमाई. समजा, निर्देशांक २०,००० वर आहे, अंशामागे ७५ रुपयांची पैज आहे आणि फरक ४ अंशांचा आहे. १५ लाखांच्या व्यवहाराचा खर्च झाला ३०० रुपये.

तेवढ्याच रकमेच्या वायद्याला आपल्याकडे दलाली अगदीच किरकोळ पडते. सवलतीच्या दरातील दलाल बहुधा ऑर्डरमागे २० रुपये घेतात, म्हणजे खरेदी-विक्री मिळून ४०. भार आहे तो कराचा. वायदेविक्रीवरील रोखे उलाढाल कर १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.०१२५ वरून ०.०२ टक्के झाला. त्या दराने ३०० रुपये एकट्या कराचेच होत. मुद्रांक शुल्क, बाजाराचे शुल्क आणि जीएसटी वेगळे. एका दिवसाचा हिशेब केला, तर पैजच स्वस्त ठरते.

रात्र उलटली की चित्र पालटते. पैज दुसऱ्या दिवसावर नेल्यास कंपनी अनामतीवर नव्हे, तर पूर्ण १५ लाखांवर व्याज लावते. वायद्याच्या भावातही व्याज दडलेले असतेच. पण ते खुल्या बाजारातील स्पर्धेतून ठरते. कंपनीने मूळ दरावर ३ टक्के अधिक आकारले, तर रोज सुमारे १२३ रुपये जादा जातात. महिन्याचे झाले सुमारे ३,७००.

हा हिशेब माणमध्ये बसून करण्यात मात्र फारसा अर्थ नाही. परदेशी कंपनीकडे मार्जिनसाठी पैसे पाठविण्यास रिझर्व्ह बँकेची परवानगी नाही. आपल्याकडील ‘डब्बा’ ही त्याच जातीची पैज. ना कर, ना पावती. १९५६ च्या रोखे करार कायद्यानुसार मान्यताप्राप्त बाजाराबाहेरचा असा सौदा बेकायदा ठरतो. डब्बेवाल्याने जिंकलेली रक्कम बुडविली, तर बाजाराच्या तक्रार यंत्रणेकडे दाद मागता येत नाही.

अर्थात, कायदेशीर मार्ग स्वस्त आहे असेही नाही. ‘सेबी’च्या सप्टेंबर २०२४ मधील अहवालानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे व ऑप्शन्समधील ९३ टक्के वैयक्तिक व्यावसायिकांना तोटा झाला. २०२३-२४ मध्ये प्रत्येकाचा केवळ व्यवहारखर्चच सरासरी २६,००० रुपये होता.