मालमोटारीची बॅटरी : परीक्षा व पालट

कांद्याच्या हंगामांत भरलेली मालमोटार पहांटे सुरू झाली नाहीं, म्हणजे माल दारांतच राहतो व त्या दिवसाचा बाजार हातचा जातो. अशा वेळीं बॅटरी मेली असें ठरवून नवी आणण्याची घाई होते. आमच्याकडूनही ही चूक घडली आहे. म्हणून तिची परीक्षा सभासदबंधूंस सांगत आहों.

डिझेल एंजिनांत ठिणगी नसते. कोंडलेली हवा जोरानें दाबली जाऊन तापते व तेल पेट घेतें. एवढा दाब येईतों एंजिन फिरविण्यास विजेचा मोठा प्रवाह लागतो. यास्तव आपल्याकडील बहुतेक मोठ्या मालमोटारींत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढें एक जोडून २४ व्होल्ट करतात.

प्रथम जोडाचीं टोकें पाहावीं. त्यांवर पांढरा-हिरवा मळ असल्यास खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवून, घासून घट्ट आवळावीं. पुष्कळदां दोष एवढाच असतो.

नंतर रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीच्या दोन्ही बॅटऱ्या निरनिराळ्या मोजाव्या. १२.६ व्होल्ट भरल्यास बॅटरी पूर्ण, १२.२ भरल्यास सुमारें निम्मी, व १२ च्या खालीं गेल्यास रिकामी समजावी. परंतु रिकामी म्हणजे मेलेली नव्हे. ती पूर्ण चार्ज करून पुन्हा पारखावी. झांकणें उघडत असतील तर हायड्रोमीटरनें प्रत्येक घर तपासावें. भरलेल्या घरांत १.२६ ते १.२८ आंकडा दिसतो. चार्ज करूनही एखादें घर इतरांहून ०.०५ नें मागें राहिलें, तर ती बॅटरी गेली.

तिसरी गोष्ट अल्टरनेटरची. एंजिन चालू असतां दोहोंचा मिळून दाब सुमारें २८ व्होल्ट असावा. तो २५ च्या आसपासच राहिला तर दोष भरणा करणाऱ्या भागांत आहे. नवी बॅटरीही तशीच बसेल.

आम्हीं एकदां काटकसर म्हणून दोहोंपैकीं एकच बॅटरी बदलली. जुनी व नवी एका ओळींत असतां भरणा सारखा होत नाहीं. एक जास्त भरली जाते, दुसरी उपाशी राहते. वर्षाच्या आंत नवीही निकामी झाली व खर्च दुप्पट पडला. म्हणून जोडी एकदमच, एकाच मापाची व एकाच वयाची बदलावी.

काढतांना ऋण टोंक आधीं सोडावें व बसवितांना तें शेवटीं जोडावें. हातांतील आंगठी, कडें काढून ठेवावें. बॅटरींतून हायड्रोजन निघतो, तेव्हां जवळ विडी ओढूं नये. आम्ल अंगावर उडाल्यास भरपूर पाण्यानें धुवावें. जुनी बॅटरी उकिरड्यावर न टाकतां विक्रेत्याकडे परत द्यावी. तींतील शिसें जमिनीस व विहिरीस विषारी आहे, व २०२२ च्या नियमांनीं ती परत घेऊन मार्गी लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर घातली आहे.

खातें तपासल्यावांचून बाकी काढूं नये, हा आमच्या जुन्या कारकुनीचा धडा येथेंही खरा ठरतो.