रॅकेट हलकी, तरी कोपर का दुखते?

"मावशी, कोपर दुखता. पाण्याचो हंडो उचलूक जमणा नाय." मालवणजवळच्या वस्तीतली नववीतली मुलगी आमच्याकडे आली. सोबत आई होती. "आता खेळणा बंद," असे आईने ठरवूनच टाकले होते.

कोपराच्या बाहेरच्या हाडावर दाबले की कळ येत होती. सूज नव्हती, बोटांना मुंग्या नव्हत्या. आम्ही रॅकेट बघायला मागितली. आईने मजुरीतून पैसे साठवून घेतलेली, अगदी हलकी रॅकेट. तार तुटल्यावर एका दुकानदाराने गटिंग २८ पौंडांवर ताणून दिले होते. फ्रेमवर मर्यादा छापली होती २४ पौंडांची! दुखण्याचे एक मोठे कारण हातातच होते.

बॅडमिंटन आपल्या मातीला परका नाही. त्याचे सुरुवातीचे नियम १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीत बनले. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ साली परदेशातली स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. आज वस्तीतल्या मुलीही खेळतात. म्हणून घेताना काय पाहावे, ते सांगतो.

वजन : रॅकेटवर 'यू'चा आकडा असतो. ४यू म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम, ५यू म्हणजे ७५ ते ७९, ६यू म्हणजे ७० ते ७४. आकडा वाढतो तसे वजन घटते. हलकी रॅकेट झटकन फिरते, खांदा कमी थकतो. पण फूल आपटल्यावरचा हादरा तिच्यात कमी जिरतो, उरलेला हाताला बसतो. जमिनीवर किंवा जोडीदाराच्या रॅकेटवर आदळली तर बारीक फ्रेमला तडा जातो. एकच रॅकेट चार मुलांत फिरत असेल तर ४यू बरी.

तार : जाडी ०.७० मिलिमीटरची घ्या. ०.६१ ते ०.६६ ची बारीक तार छान वाजते, फूल उडवते, पण लवकर तुटते आणि पुन्हा खर्च येतो.

ताण : शिकणाऱ्या मुलांना १८ ते २२ पौंड पुरे. घट्ट जाळीने फूल लांब जाते हा गैरसमज आहे. सैल जाळीच फुलाला जास्त ढकलते. घट्ट जाळीत मधोमध फटका बसला नाही तर हात झणझणतो. गटिंगला देताना आकडा स्वतः सांगा, दुकानदारावर सोडू नका.

निगा : एक तार तुटली की बाकीच्या तारा मधून सुरुवात करून लगेच कापा. एकीकडचा ताण राहिला तर फ्रेम वाकते. भोकांतल्या प्लास्टिकच्या नळ्या झिजल्या असतील तर बदलून घ्या, नाहीतर फ्रेमची धार नवी तार कापते. रॅकेट तापलेल्या पत्र्याखाली टांगू नका. आपल्याकडची खारी हवा लोखंडी रॅकेटचा सांधा गंजवते. खेळून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा.

वेळ : दुपारी समुद्राकडून वारा सुटतो. वाऱ्याविरुद्ध मारताना हात जास्त ताणला जातो. सकाळी खेळा. आधी पाच मिनिटे मनगट, कोपर, खांदा फिरवून घ्या. मूठ गच्च आवळू नका.

कोपर दुखले तर खेळ थांबवा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा लावा. हात चोळून मोडून घेऊ नका. सूज, ताप, बधिरपणा असेल किंवा दोन-तीन आठवड्यांत उतार नसेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा.

त्या मुलीने तीन आठवडे विश्रांती घेतली. गटिंग २० पौंडांवर करून घेतले. आता ती सकाळी विहाराच्या अंगणात खेळते, हंडाही उचलते. आयांनो, दुखत असताना मुलीला खेळू देऊ नका. पण दुखले म्हणून तिचा खेळ कायमचा बंद करण्याआधी एकदा रॅकेट तपासा.