तिजोरीतला कागद

दागिने तिजोरीत ठेवायचे, हे आपल्याकडे तसं उशिराचं. लुटालुटीच्या काळात सोनंनाणं हंड्यात घालून पुरायचं, नाहीतर भिंतीत चिणायचं. भक्कम पेटी हवी होती ती सावकाराला, कारण त्याची खरी दौलत कागदात. कुणब्यांनी हे नेमकं ओळखलं होतं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात दंगा पेटला आणि गावोगाव पसरला, तेव्हा लोक सावकारांकडे मागत होते ते रोखे आणि गहाणखतं. हाती आली ती जाळली. मुकाट्याने दिली तिथे सावकाराला सहसा कुणी हात लावला नाही.

आग लावणारा नसला तरी आगीची धास्ती होतीच. निव्वळ लोखंडी पेटी चोराला अडवते. आगीत मात्र ती तापते आणि आतला कागद तव्यावरच्या पापडासारखा भाजून निघतो. म्हणून तिजोरीला दोन पत्रे, आणि मधल्या पोकळीत ओल धरून ठेवणारं भरण. बाहेर तापलं की त्या ओलीची वाफ होते, उष्णता तिथेच खर्ची पडते. चब, मिल्नर या विलायती कंपन्यांचा हा प्रांत. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७मध्ये लालबागला कुलपं करायला घेतली आणि काही वर्षांतच तिजोऱ्यांना हात घातला. हा माणूस पक्का स्वदेशीवाला. टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी ३ लाख रुपये दिले.

१४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटलं. त्यावरच्या सोन्याच्या विटा उडाल्या, एक तर लांबच्या घराचं छप्पर फोडून आत पडली. त्या आगीत आपल्या तिजोऱ्यांतले कागद शाबूत राहिले, असं गोदरेज कंपनी आजही अभिमानाने सांगते. जाहिरातीचा भाग सोडला, तरी व्यापाऱ्याला पटवायला याहून जास्त काय लागतं?

पुढे बँका गावोगाव पोचल्या आणि घरची तिजोरी लॉकरमध्ये गेली. दोन किल्ल्या, एक बँकेची, एक आपली. शेअर डिमॅटमध्ये गेले, सातबारा मोबाइलवर आला; लॉकरमध्ये मुख्यतः दागिने राहिले. आत काय आहे हे बँक विचारत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२१च्या नियमांप्रमाणे आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीने ऐवज गेला, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत. भाडं ३,००० असेल, तर जास्तीत जास्त ३ लाख. आजच्या भावाने त्यात तीन तोळ्यांच्या पाटल्याही येत नाहीत.