ओझोन वायूने मास्क निर्जंतुक करता येतो का? मुंबईच्या ‘वज्र कवच’ने काय केलं होतं?

२०२० चा उन्हाळा आठवतोय? दारातल्या दोरीवर कपड्यांच्या शेजारी मास्कही वाळत असायचे. हिंगोली जिल्ह्यात सुरुवातीच्या रुग्णांमध्ये मालेगाव आणि मुंबईचा बंदोबस्त करून परतलेले राज्य राखीव पोलीस दलाचे जवान मोठ्या संख्येने होते, त्यामुळे भीती लवकर घरात शिरली. जवळा बाजारसारख्या बाजारपेठेच्या गावात दुकान उघडायचं तर तोंडावर मास्क हवाच होता, आणि एन-९५ मास्क रोज नवा घेणं कुणालाच परवडत नव्हतं.

मग काहींनी तो साबणाने धुतला, काहींनी त्यावर सॅनिटायझर मारला. मास्क दिसायला स्वच्छ झाला, पण त्याची खरी ताकद तिथेच गेली.

असं का? एन-९५ म्हणजे नुसतं जाड कापड नव्हे. त्याच्या आतला थर पॉलिप्रॉपिलीनच्या अतिसूक्ष्म तंतूंचा असतो आणि त्या तंतूंवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तसे हे तंतू हवेतले बारीक कण ओढून धरतात. ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडतात ते मुख्यतः या भारामुळे. अल्कोहोल किंवा साबण लागला की भार उतरतो. साध्या कापडी मास्कला हा प्रश्न नाही, तो साबणाने धुवावा आणि उन्हात वाळवावा.

म्हणजे एन-९५ परत वापरायचा तर विषाणू मरेल पण तंतूंचा भार टिकेल, असं काहीतरी हवं. इथे ओझोन येतो.

ओझोन मारतो कसा?

आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनमध्ये तीन. हा तिसरा अणू तिथे सुखाने राहत नाही, समोर जे सापडेल त्याला जाऊन चिकटतो. कोरोना विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं, त्यावर प्रथिनांचे काटे असतात. ओझोन या दोन्हींची मोडतोड करतो आणि शेवटी त्याचा साधा ऑक्सिजन होतो. मागे ओल राहत नाही, रसायनाचा थर राहत नाही. शिवाय तो वायू असल्यामुळे मास्कच्या घड्यांत शिरतो, जिथे अतिनील किरणांना सावली आडवी येते. बाटलीबंद पाण्याच्या लेबलवर ‘ओझोनाइज्ड’ लिहिलेलं असतं, तेही याच कामासाठी.

जपानच्या नारा वैद्यकीय विद्यापीठाने मे २०२० मध्ये प्रत्यक्ष सार्स-कोव्ह-२ विषाणूवर घेतलेल्या चाचणीचे आकडे जाहीर केले. ६ पीपीएम ओझोनमध्ये ५५ मिनिटं ठेवल्यावर विषाणूचं प्रमाण एक हजारांश ते दहा हजारांश इतकं उरलं. १ पीपीएममध्ये ६० मिनिटं ठेवल्यावर मात्र ते एक दशांश ते एक शतांशच झालं. (एक पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग.) वास आला म्हणजे काम झालं असं नाही. किती ओझोन आणि किती वेळ, हे दोन्ही मोजावं लागतं.

मुंबईचं यंत्र

महाराष्ट्रातली गोष्ट इंद्रा वॉटर या मुंबईच्या स्टार्टअपची. त्यांचा मूळ धंदा पाणी शुद्ध करण्याचा. कोरोनाकाळात त्यांनी तेच ज्ञान वापरून ‘वज्र कवच’ बनवलं. पीपीई किट, एन-९५ मास्क, डॉक्टरांचे कोट त्यात ठेवायचे आणि ते निर्जंतुक करून पुन्हा वापरायचे. त्यात तीन गोष्टी एकत्र होत्या: प्रगत ऑक्सिडीकरण, कोरोना डिस्चार्ज आणि यूव्ही-सी किरणं.

कोरोना डिस्चार्जचा विषाणूशी संबंध फक्त नावापुरता. जास्त दाबाची वीज हवेत अलगद झिरपते, तेव्हा तारेभोवती निळसर कडं दिसतं, त्यालाही ‘कोरोना’च म्हणतात. हवेत असा डिस्चार्ज झाला की ओझोन तयार होतो. वीज पडल्यावर येणारा तिखटसा वास तोच.

आयआयटी मुंबईच्या जैवविज्ञान विभागात या यंत्राची चाचणी झाली. जिवाणूंना ग्रासणारा एमएस-२ हा विषाणू आणि ई-कोलाय जिवाणू, दोन्हींचं प्रमाण एक लाख पटींहून जास्त कमी झालं. एमएस-२ ला चरबीचं आवरण नसतं, म्हणून तो कोरोनापेक्षा चिवट मानला जातो. भिवंडीत यंत्रं बनू लागली आणि महाराष्ट्र व तेलंगणातल्या काही रुग्णालयांत पोहोचली.

मग घरी का नाही?

भाज्या धुण्याचं ओझोन मशीन बाजारात मिळतं. त्यात मास्क टाकला तर? टाकू नये. माणसाने आठ तास काम करायच्या जागी ओझोनची अमेरिकी मर्यादा ०.१ पीपीएम आहे, आणि ५ पीपीएमला तो जिवाला तत्काळ धोका मानला जातो. नाराच्या चाचणीतला ६ पीपीएमचा आकडा त्याच्याही पुढचा. म्हणजे विषाणू खात्रीने मरावा इतका ओझोन बंद खोलीत सोडला, तर आधी फुप्फुसं पोळतील. खोकला आणि छातीत जळजळ होते, दमेकऱ्याचे तर हाल होतात. यंत्र हवाबंदच लागतं, आणि दार उघडण्याआधी आतला ओझोन निकामी व्हावा लागतो.

दुसरी अडचण मास्कच्या पट्ट्यांची. पॉलिप्रॉपिलीन ओझोनला बऱ्यापैकी तोंड देतं, पण नैसर्गिक रबराला ओझोनने चिरा पडतात. पट्टी सैल झाली की मास्क गालाला चिकटत नाही, आणि कडेने हवा शिरली तर आतला थर कितीही चांगला असो, उपयोग नाही.

यंत्र नसलेल्यांसाठी अमेरिकेच्या सीडीसीने तेव्हा एक साधी युक्ती सांगितली होती. पाच मास्क घ्यायचे, रोज एक वापरायचा, काढल्यावर हवा खेळेल अशा कागदी पिशवीत ठेवायचा. त्याची पाळी परत येईपर्यंत किमान पाच दिवस जातात आणि तेवढ्यात विषाणू आपोआप निकामी होतो. पिशवी प्लास्टिकची नको, ओल धरते.

ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने एन-९५ च्या किमती १९ ते ४९ रुपयांत बांधल्या. मास्कचा तुटवडा सरला तसं पुनर्वापराचं निकडीचं कारणही उरलं नाही. अमेरिकेच्या एफडीएने मास्क निर्जंतुक करणाऱ्या यंत्रांना दिलेल्या आपत्कालीन परवानग्या ३० जून २०२१ पासून मागे घेतल्या.